मिरच्यांच्या डब्यातली हार्ड डिस्क

माझा मित्र मधुभाऊ गेल्याचा फोन त्याच्या धाकट्या बहिणीने, भिवापूरच्या सुशीलाताईंनी केला. "दादा गेला गा भाऊ..." हुंदका आवरून लगेच म्हणाल्या, "तुही डिस्क माह्यापाशी हाये, तिची फिकीर नोको करू." मरणाची बातमी आणि बॅकअपची खात्री एका दमात देणारं अख्ख्या भारतात हे एकच घराणं असावं.

खापरखेड्याला वीजकेंद्राच्या नोकरीत मधुभाऊचा जन्म गेला. एक यंत्र चालू असलं की दुसरं तयार हवं, हे त्याच्या रक्तात भिनलेलं. स्वतःच्या लग्नातही त्याने एक हार जास्तीचा नेला होता, असं मी सांगत फिरायचो. तो नाकारायचाही नाही.

आणि मी? अकरा वर्षं गावोगाव हिंडून, लग्नात विहिणींना शिव्या घालायची गाणी म्हाताऱ्यांकडून रेकॉर्ड केली. त्यातल्या निम्म्या जणी आता नाहीत. कॉपी होती, पण लॅपटॉपला खेटूनच ठेवलेली, अन् डोक्यावर कूलर! गेल्या वर्षी भर मे महिन्यात कूलरची टाकी फुटली आणि वैनगंगाच घरात शिरली म्हणा ना. लॅपटॉप गेला, डिस्क गेली. दुरुस्तीवाल्याने हात जोडले. मी लहान पोरासारखा रडलो.

मधुभाऊ आला, ओलं टेबल पाहिलं. "दोन्ही एकाच कूलरखाली ठेवले काहून गा?"

मग खिशातून त्याने डिस्क काढली. दर महिन्याला घरी आला की मी पोहे करेपर्यंत तो माझ्या लॅपटॉपवर बसायचा. मला वाटे, पत्ते खेळतो. गडी कॉपी काढून राहिला होता! एक डिस्क त्याच्या घरी, दुसरी ताईंकडे मिरच्यांच्या डब्यात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एसटीने जाऊन दोन्हींची अदलाबदल. "नागपूर बुडालं तरी भिवापूर कोरडं राहीन," म्हणाला. शेवटच्या महिन्यातली दोन गाणी तेवढी गेली.

परवा पहिल्या रविवारी मधुभाऊच्या घरची डिस्क घेऊन अदलाबदलीला मी भिवापूरला गेलो. ताईंनी हातच पुढे केला नाही. "आधी वाजवून दाखव. दादा इथंच बसून दर येळी एक गानं लावे. वाजल्याबिगर मी कधी घेतली नाही."

लॅपटॉप नव्हता आणला... दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटी. गाणं लावलं. दोन वर्षांपूर्वी वारलेली एक म्हातारी नवरदेवाच्या आईचा खणखणीत उद्धार करू लागली. ताई पदर तोंडाला लावून हसल्या, डोळे पुसले, डिस्क घेतली.

"पुढल्या येळी याच्या पुढचं लावजो," म्हणाल्या. "दादा ओळीनं एकेक आयकवत अर्ध्यावर आला होता."