कॅसलरॉकचा नंबर

आमच्या ह्यांच्या नोकरीला लोक सरकारी नोकरी म्हणायचे. मी खुंटा म्हणते. नाव घेते बघा, आता ह्या वयात कसली लाज? झिलू. उभा जन्म त्या वायरलेसच्या पेटीसमोर काढला माणसानं.

आमच्या गुंद गावाच्या वरच्या अंगाला पत्र्याची खोली, वर लोखंडी खांब, आत ती पेटी. पाऊस किती पडला ते सुप्याला धरणाच्या हापिसात कळवायचं, म्हंजे धरणात पाणी किती येणार ते साहेबाला समजायचं. असल्या पेट्या रानात ठिकठिकाणी हुत्या, पण बोलायची वाट सगळ्यांना मिळून एकच. एक बोलत असला की बाकीच्यांनी गप बसायचं. दोघं एकदम बोलले तर नुसती किरकिर, दोघांचंबी वाया. म्हणून नंबर लावून दिलेले. पहिलं कॅसलरॉकचं ठाणं, मग मधली ठाणी, शेवटी आमचं गुंद. आपल्या नंबराला बोलायचं, ठरल्या वेळात आटपायचं. नंबर चुकला तर बसा पुढच्या फेरीची वाट बघत. सकाळ, दुपार, संध्याकाळ, ही फेरी काय चुकली न्हाई.

त्या फेऱ्यांपायी सख्ख्या भावाच्या लग्नाला गेले न्हाईत. जेवताना डोळा घड्याळाकडं. बोलणंबी पेटीसारखंच झालं. मी चूल सारवता सारवता घरभराचं गाऱ्हाणं सांगावं आणि ह्यांनी म्हणावं, "समजलं." अवो, काय समजलं? माझं कपाळ! पण चिडून तरी किती चिडायचं? दमलेला माणूस. पाठ भिंतीला टेकली की डोळे मिटायचे, तरी कान पेटीकडंच.

कॅसलरॉकच्या पेटीवर भिकाजी हुता, खानापूरकडचा. त्याला आम्ही कधी बघितलं न्हवतं, पण आवाज घरातला झालेला. पावसाचा आकडा सांगून वेळ उरला की म्हणायचा, "वहिनींना नमस्कार सांगा." गावाकडं त्याची आई एकटी. तिचंच कायतरी सांगत राहायचा, आणि आमचे हे इकडं बसून गालात हसायचे. तेवढंच काय ते हसणं.

त्या साली आषाढात आमची थोरली लेक पुतळी बाळंतपणाला आलेली. सकाळपासून कळा, पण मूल काय पुढं सरकंना. दुपारी अनुसया सुईण हात पुसत बाहेर आली. "गिरजा, हे माझ्या हातचं न्हाई गं. दांडेलीला न्या." न्या म्हणायला काय जातंय? धो धो पाऊस, एसटी बंद. जीप फक्त सुप्याला, साहेबाकडं.

मी तशीच पळत पेटीच्या खोलीत गेले. "अवो, बोला की त्येस्नी!"

"फेरी लागल्याबिगर तिकडं कोण ऐकायला नसतंय," हे म्हणाले.

फेरी लागली. आमचा नंबर शेवटचा. मधल्या ठाण्यांना सांगायला काय असो नसो, ज्याचा त्याचा वेळ मोकळा सोडायचाच. एखाद्याची बॅटरी उतरलेली असली तरी त्याच्या नावानं थांबायचं.

"तवर पोरगी जाईल माझी!" मी बोंबलले.

पेटीतनं भिकाजीचा आवाज आला, "साहेब, आकडा मागनं सांगतो, आधी माझं एक..."

तेवढ्यात घरातनं पुतळीची किंकाळी आली आणि ह्यांनी बटण दाबलं. दुसऱ्याच्या नंबरात कधी श्वास सोडला न्हाई असा माणूस तो! "गुंद बोलतोय, जीप पाठवा, जीप!" म्हणून ओरडले आणि बटण सोडलं.

सुप्याहून साहेब म्हणाला, "कॅसलरॉक, काही समजलं नाही. मधे कोण घुसलं? परत सांगा."

मी डोकं धरून खालीच बसले. जीपबी गेली आणि त्या भिकाजीचंबी वाया.

मग भिकाजी म्हणाला, "माझं राहू दे, साहेब. मधी घुसला त्याला बोलू द्या. आपल्यात उगाच कोण घुसत न्हाई."

मग हे बोलले. जीप आली. दांडेलीच्या दवाखान्यात नात झाली, पुतळी वाचली.

त्यानंतर ह्या पेटीवाल्यांनी आपल्या आपल्यात एक ठरवलं. ज्याला सांगायचं न्हाई त्यानं बटण दोनदा टकटक करायचं, आणि आपला वेळ पुढच्याला द्यायचा. भातलावणीला सावड करतो न्हवं आपण, आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या, तसलंच. फेरी लवकर आटपायला लागली.

श्रावणात एक माणूस दारात येऊन उभा राहिला. हातात बाळाचं झबलं, डोक्यावर नुकते केस फुटलेले. "वहिनी, मी भिकाजी."

मी भाकरी टाकायची सोडून उठले. पाणी दिलं. मग डोक्याकडं बघून विचारलं, "कोण गेलं?"

"आई."

"कधी?"

तो नातीकडं बघत राहिला. "हिच्याच दिवशी. सांगावा आला हुता, लगेच ये म्हणून. दुपारच्या गाडीनं जाणार हुतो, तेवढी रजा मागायची हुती. संध्याकाळच्या फेरीत मागितली, मिळालीबी. पण गाडी गेलेली. दुसऱ्या दिवशी पोचलो तवा सगळं उरकलेलं."

"अरे बाबा, मग त्या टायमाला सांगायचंस की रे!"

"नंबर एकच हुता, वहिनी. दोघांचं मावलं नसतं."

मला रडू आवरंना. पोरगी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. आमचे हे खांबाला टेकून उभे. मला वाटलं, आतातरी हा माणूस चार शब्द बोलंल. "समजलं," एवढंच म्हणाले आणि पेटीच्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवसापासनं फेरीत पावसाचा आकडा सांगितला की हे म्हणायचे, "गुंदाचा राहिलेला वेळ कॅसलरॉकला." नोकरी सुटेपर्यंत रोज. साहेब चिडायचा, कशाला वेळ खाताय म्हणायचा. हे ऐकायचे न्हाईत. सावड फेडत हुते.

तिकडनं काय येणार? रजा जिच्यासाठी मागायची ती तर गेलेली. तेवढा वेळ पेटी नुसती घरघरायची, आणि हे कान लावून बसायचे.