काकांचा स्ट्रायकर, माझा गोलकीपर

मंडळी, सकाळच्या पोस्टमध्ये एक दुरुस्ती आहे. फँटसी फुटबॉलची सेमीफायनल मी स्वतःच्या डोक्याने जिंकलेली नाही.

या खेळात खऱ्या खेळाडूंची टीम निवडायची आणि त्यांच्या खऱ्या सामन्यातल्या कामगिरीवर पॉइंट मिळवायचे. घरच्या लीगमध्ये समोर काटोलचे काका होते. त्यांचा स्ट्रायकर नेमका माझ्या गोलकीपरविरुद्ध खेळणार होता. घाबरून मी गोलकीपर बदलायला निघाले, तर आई म्हणाली, "काहून बदलून राहिली वं? यानं गोल अडवले तर तुले पॉइंट अन् काकाले भोपळा!"

तसंच झालं. आत्ता काकांना फोनवर खरं सांगितलं. ते हसून म्हणाले, "मंग वहिनीले सांग, पुढच्या खेपेले माह्याकडून खेळा!"

मला फक्त माझं नुकसान दिसत होतं, आईला समोरच्याचंही दिसलं. थँक यू, आई. आता फायनल दादाशी आहे. त्याची टीम पाहून माझी आपण दोघी मिळून लावू, येत्या शनिवारी.