आमचा ड्रायव्हर म्हणतो

गणपती होऊन गेल्यावर मी ट्रक चालवायच्या एका खेळाला पाचातले दोन गुण दिले. त्या परीक्षणातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: 'डाव्या बाजूनं येणारी वाहनं या खेळात अचानक उगवतात.' खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'ताई, आमच्याकडं तर नीट येतात.' मला राग आला आणि मी त्याला चार ओळींचं खरमरीत उत्तर दिलं. त्यापेक्षा शेजारच्या खुर्चीवर कंट्रोलर घेऊन बसलेल्या माणसाकडं एकदा नीट बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मी कन्सोलवरच्या खेळांची परीक्षणं मराठीत लिहिते. पोटासाठी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते, हा उद्योग घरचं खाऊन. आमचं घर कोल्हापुरात कसबा बावड्यात, साखर कारखान्याच्या अंगाला. मोठा खेळ उतरवायचा म्हणजे आमच्या नेटला दोन दिवस लागतात. सत्त्याऐंशी टक्के होतात आणि लाईट जाते. आई म्हणते, "झालं का न्हाय तुझं दळण?" खेळ उतरला की मी आधी दोन-तीन दिवस खेळते, टिपणं काढते आणि मग गाडीचा खेळ असला तर कंट्रोलर आण्णांच्या हातात देते.

आण्णा म्हणजे माझे वडील. सारी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून केली. गगनबावड्याची गाडी, पुढं घाट उतरून कोकणात. तिथल्या पावसात आणि धुक्यात त्यांच्या हातून एक कोंबडीसुद्धा मेली नाही, हे ते येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात आणि ते खरंही आहे. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून त्यांनी व्हॅन घेतली आणि आमच्या वसाहतीतल्या पोरांना शाळेत सोडायला लागले. तेरा पोरं. आयांना घड्याळ बघावं लागत नाही, आण्णांचा हॉर्न वाजला की डबा भरायचा.

एकदा मी मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत होते, तर मागून ते म्हणाले, "असल्या वळणावर ब्रेक न मारता जातंय व्हय कोण? मरंल की त्यो." ते वाक्य मी परीक्षणाच्या शेवटी जसंच्या तसं टाकलं आणि लोकांना माझ्या दोन पानांपेक्षा तेच आवडलं. तेव्हापासून शेवटी एक चौकट असते, 'आमचा ड्रायव्हर म्हणतो' अशी. दुसरीही एक रीत पडली. परीक्षण लिहून झालं की मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. पटलं तर ते म्हणणार, "टाक." त्यांनी 'टाक' म्हटल्याशिवाय आजवर माझं एकही परीक्षण बाहेर गेलेलं नाही.

तर तो ट्रकचा खेळ. आण्णांनी तो पहिल्या दिवशी अकरा वेळा ठोकला. प्रत्येक वेळी डावीकडून काहीतरी येऊन आदळायचं, कधी मोटार, कधी दुसरा ट्रक, एकदा तर रस्त्याकडेचा अख्खा पेट्रोल पंप. "आत्ता न्हवती की ही गाडी हितं!" ते ओरडायचे. "बोगस गेम हाय. ल्ही, बोगस हाय म्हणून." मी लिहिलं. मला तो खेळ खेळताना असं काही झालं नव्हतं, हे खरं. पण ज्यानं एवढी वर्षं घाटात गाडी चालवली त्याला जे जाणवतं ते मला कुठून जाणवणार, असं मी मनाशी म्हटलं.

पुढं मोटारसायकलचा एक खेळ आला, तिथंही तेच. मग आम्ही दोघं एकाच बाजूनं फुटबॉल खेळलो. कोल्हापुरात फुटबॉल न कळणारं माणूस सापडणं अवघड, आणि आण्णा तर तरुणपणी पेठेच्या संघातून खेळलेले. मी ओरडत होते, "आण्णा, डावीकडं गडी मोकळा हाय, पास द्या!" ते म्हणाले, "कुठला गडी?" त्या खेळाबद्दल मी लिहिलं की मैदान दाखवायची पद्धत सदोष आहे. तीन वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी केलेल्या तीन खेळांत एकच खोट निघाली, आणि स्वतःला परीक्षक म्हणवणाऱ्या मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

घरात बाकी सगळं झकास चाललं होतं. आई तर खूश होती. ताटाच्या डाव्या बाजूला मीठ, ठेचा, लोणचं वाढलेलं असायचं, त्याला आण्णा आता शिवत नव्हते. आयुष्यभर ठेच्याशिवाय घास न उतरलेला माणूस. आई शेजारणीला सांगायची, "बीपीचं मनावर घेतलंय बघा ह्यांनी. मी बोंबलून दमलो, आन् आता आपसूक सुटलं." व्हॅनचा डावा आरसा फुटला होता. मंडईत कुणीतरी ठोकून गेलं, असं आण्णा म्हणाले. डाव्या दाराला ओरखडे होते, ते पोरांच्या दप्तरांचे, असं मीच म्हणाले.

ट्रकचा खेळ ज्यांनी केला होता त्यांचं पत्र आलं ते एका गुरुवारी. लहानशी मंडळी होती, सगळी मिळून चार-पाच माणसं. दोन गुण त्यांच्या जिवाला लागले असणार. आधी त्यांनी माझ्याकडून खेळाचं रेकॉर्डिंग मागवून घेतलं होतं. पत्रात लिहिलं होतं की आम्ही अकराही टकरा सावकाश बघितल्या. प्रत्येक वेळी डावीकडचं वाहन किंवा तो पंप टकरीच्या चार-पाच सेकंद आधी पडद्यावर आलेला आहे. खेळणारी व्यक्ती एकदाही खेळातला कॅमेरा डावीकडं वळवत नाही, ब्रेकही दाबत नाही. आणि शेवटी, जरा संकोचून: विचारू नये, पण या व्यक्तीची तब्येत ठीक आहे ना?

मी चिडले. आपल्या मालाची खोट झाकायला लोक काय काय करतात, असं म्हणून फोन उपडा ठेवला. पण ते 'ठीक आहे ना' डोक्यातून जाईना. शुक्रवारी सकाळी व्हॅनचा हॉर्न वाजला. शनिवारी परत वाजला. मी दोन्ही दिवस खिडकीत उभी राहून व्हॅन कोपऱ्यावर वळेपर्यंत बघितली आणि आण्णांना एक शब्द विचारला नाही. मला भीती वाटत होती, दुसरं कारण नाही.

रविवारी दुपारी जेवायला बसलो. आण्णांनी भाकरी संपवली, उजवीकडची आमटी, भाजी संपवली. डावीकडं ठेच्याचा गोळा तसाच. मी हात पुढं केला आणि काही न बोलता त्यांचं ताट अर्धं फिरवलं.

"आरं, ठेचा हाय व्हय!" आण्णा म्हणाले, आणि अधाशासारखा खाल्ला. "किती दिवसांनी केलास गं?"

आई हसली. "किती दिवसांनी काय? रोज वाढतो की मी. आन् बीपीचं काय झालं?"

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. त्याच दिवशी किल्ली लपवायला हवी होती. पण वडिलांना, तेही या वडिलांना, 'तुम्ही गाडी चालवू नका' म्हणायचं कोणत्या तोंडानं? मी स्वतःची समजूत घातली की आधी खात्री करून घेऊ. तेरा पोरं गाडीत असताना मी खात्री करायला निघाले, हे मला कुणाला सांगताना आजही लाज वाटते.

सोमवारी सकाळी म्हटलं, "आण्णा, मी येतो आज गाडीतनं." आम्ही इकडच्या बायका 'येतो'च म्हणतो. त्यांना आनंद झाला. मी पुढं डावीकडं बसले. त्या जागेवर रोज पहिलीतली एक मुलगी बसायची, तिला मांडीवर घेतलं. मागं पोरं पाढे म्हणत होती, कुणीतरी कुणाची पाण्याची बाटली ओढत होतं.

उसाचा हंगाम सुरू झाला होता. आमच्या वसाहतीतून मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी डावीकडून शेताचा रस्ता येतो. त्या रस्त्यानं ट्रॅक्टर येत होता, मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. गाणी मोठ्यानं लावलेली. मला तो लांबून दिसत होता. मांडीवरच्या मुलीला दिसत होता, तिनं बोट केलं. मी आण्णांकडं बघितलं. त्यांचा चेहरा शांत होता, पाय ॲक्सिलरेटरवर तसाच होता. मी मनात म्हणत होते, आता दाबतील ब्रेक, आता दाबतील.

"आण्णा!"

माझ्या ओरडण्यानं त्यांनी ब्रेक मारला. पोरं एकमेकांवर पडली. उसाच्या शेंड्यांची वाढी काचेच्या डाव्या कोपऱ्यावर घासून गेली आणि ट्रॅक्टर डाव्या कडेनं वळून थांबला. त्याचा ड्रायव्हर उडी मारून खाली आला आणि शिव्या द्यायला लागला.

"कोकलायला काय झालं गं?" आण्णा माझ्यावर खेकसले. "पोरं पडली की!"

त्यांना अजूनही दिसला नव्हता. हातभर अंतरावर उसाची भिंत उभी होती आणि ते समोरच्या रिकाम्या रस्त्याकडं बघत होते. मी त्यांची हनुवटी धरून तोंड डावीकडं फिरवलं. त्यांनी ऊस बघितला, काचेला लागलेला पाला बघितला, माझ्या मांडीवरची मुलगी बघितली. मग गाडी बंद करून उतरले आणि चाचपडत दुसऱ्या बाजूला आले. मी सरकून स्टेअरिंगमागं बसले. मला गाडी त्यांनीच शिकवली आहे. पोरांना शाळेत मी सोडलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे चांगले आहेत. मेंदूत मागं कधीतरी छोटा झटका येऊन गेलाय, त्यामुळं डावी बाजू त्यांच्या ध्यानातच येत नाही. दिसत नाही हेही त्यांना कळत नाही. कधीपासून असं होतंय, त्यांनी विचारलं. आईला सांगता येईना. मी सांगितलं. माझ्याकडं परीक्षणांसाठी साठवलेली खेळांची सगळी रेकॉर्डिंग होती, तारखेसकट. गणपती बसायच्या आधीच्या रविवारी आण्णांनी डावीकडच्या सात गाड्या चुकवून शर्यत जिंकली होती. विसर्जनानंतरच्या मंगळवारी ट्रक ठोकला. मधल्या दिवसांत कधीतरी ते झालं होतं, आणि तिथपासून त्या सोमवारपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ तेरा पोरं. बाई मला बाहेर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, गाडी पूर्ण बंद. तुम्ही सांगता का मी सांगू? मी म्हटलं, मी सांगते.

दोन दिवस मी सांगितलं नाही. व्हॅन दारात उभी होती, गॅरेजला द्यायची आहे असं सगळ्यांना सांगितलं होतं. किल्ली पुन्हा आण्णांच्या सदऱ्याच्या खिशात होती. ते मधूनच खिशावर हात ठेवायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी मी टेबलाशी बसून ट्रकच्या परीक्षणाखाली दुरुस्ती लिहिली आणि म्हटलं, "आण्णा, वाचतो, ऐका." ते खुर्ची ओढून बसले. मी वाचलं:

'या खेळाला मी दोन गुण दिले, ती माझी चूक होती. डाव्या बाजूची वाहनं वेळेवर येतात. खेळणाऱ्याला ती दिसत नव्हती. खेळणारे माझे वडील आहेत. त्यांच्या आजारामुळं डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला कायमची मनाई केली आहे. खेळ करणाऱ्यांची मी माफी मागते.'

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. आई दारात येऊन उभी राहिली.

"परत वाच," आण्णा म्हणाले.

परत वाचलं. ते पडद्याकडं बघत होते. अक्षरं उजवीकडचीच दिसत असणार.

"ह्यात ड्रायव्हर कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"शेवटाला असतंय की दर बारीला. आमचा ड्रायव्हर म्हणतो. आज न्हाय लिवलंस."

ते लिहायचं राहिलं नव्हतं. मी ते मुद्दाम गाळलं होतं, आणि ते त्यांना बरोबर कळलं होतं.

आण्णांनी खिशातून किल्ली काढली. टेबलावर ठेवली आणि माझ्याकडं सरकवली.

"ल्ही," ते म्हणाले. "आमचा ड्रायव्हर म्हणतो, गेम चांगला हाय. गेमात काय खोट न्हाय."

मी लिहिलं. ते संपेपर्यंत थांबले.

"टाक," म्हणाले.