कच्चा की जळका

इन्स्पेक्टर काका नव्या माणसाला नाव विचारत नसत. "गाडी कोनती तुझी?" असं विचारत, आणि उत्तर पुरं व्हायच्या आत त्याला पार्किंगमध्ये नेऊन पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडायला लावत. मग एकच शब्द: "हुंग." ऐरोलीच्या आमच्या सोसायटीत मी राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून फ्रिज उतरत होता आणि फ्रिजचा मालक स्वतःच्याच गाडीच्या टाकीला नाक लावून वाकला होता. बायको वरून बघत होती.

"कसला वास?" काकांनी विचारलं.

"पेट्रोलचा."

"ते शेंबडं पोरपन सांगंल. कच्चा की जळका?"

पेट्रोल कच्चं असतं हेच मला तोवर ठाऊक नव्हतं. न येणाऱ्या प्रश्नाला मी शाळेपासून जे उत्तर देत आलोय तेच दिलं. "मध्यम." काकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "रविवारी ये." माझी भरती झाली होती, फक्त कशात ते कळलं नव्हतं. वर गेल्यावर बायकोने शांतपणे विचारलं, "इथे असं करतात का?" मी म्हणालो, "करत असावेत."

काका मोटार वाहन निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. मूळचे खाडीकाठच्या गावातले. शेती गेली तेव्हा नोकरी आली, आणि नोकरी गेली तरी निरीक्षण काही गेलं नाही. त्यांच्याकडे भाषा दोन होत्या. गाडीकडे तोंड असलं की सरकारी: "सदर वाहनाचे झाकण सैल आढळते." गाडीकडे पाठ फिरली की गावची: "आरं, झाकन हाय का टोपी?" सोसायटीत कुणीही त्यांना गाड्या तपासायला सांगितलेलं नव्हतं. तरी दर रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते खाली उतरत, आणि नेमक्या त्याच वेळी बऱ्याच लोकांना भाजी आणायची आठवण होई. मी नवा होतो. मला भाजी कुठे मिळते ते माहीत नव्हतं.

"धूर दिसतो, त्याला पीयूसी हाय," ते म्हणत. "दिसत नाय, त्याला मी हाय."

न दिसणारी गोष्ट म्हणजे पेट्रोलची वाफ. गाडी नुसती उन्हात उभी असली तरी टाकीतून वाफ निघते. ती बाहेर जाऊ नये म्हणून गाडीत कोळशाचा एक बंद डबा असतो. वाफ तिथे जाऊन बसते आणि इंजिन सुरू झालं की तिला ओढून जाळतं. हे मी आज दोन ओळींत लिहिलं, पण समजायला मला वर्ष लागलं, कारण काका समजावून सांगत. "काकू फ्रिजात कोळसा ठेवते ना, वास मरावा म्हनून? तसाच." मी घरी येऊन फ्रिज उघडला. तिथे कोळसा नव्हता. मग मी बायकोला विचारलं, आपल्या फ्रिजची वाफ कुठे जाते. त्या दिवशी आमचं फारसं बोलणं झालं नाही.

तरीही मी दर रविवारी जात राहिलो. काका पाठीमागे हात बांधून उभे राहायचे, मी वाकायचो. मागचा धूर हुंगायचो, झाकण हुंगायचो, बॉनेट उघडून आत डोकं घालायचो. काका स्वतः कधी वाकत नसत. गुरू तो गुरूच, असं मी मनाशी म्हणायचो. मी सांगितलेला वास ते डोळे मिटून ऐकत आणि मग निकाल देत. निकाल बहुतेक नापास असे.

ऐरोलीतल्या आयटी कंपनीत मला लोक हुशार समजतात. त्या गैरसमजाच्या भरात मी एकदा एकट्याने तपासणी केली. माझ्या गाडीखाली मला एका नळीचं टोक उघडं सापडलं. कुठेच जोडलेलं नाही, हवेत लोंबतंय. वाफ जाते ती इथूनच, असं मी ठरवलं आणि दोन रंगांची पुट्टी मळून टोक असं बुजवलं की देवळाचा कळस बसवणाऱ्यानेही मान डोलवावी. पुढच्या आठवड्यात गाडी ऐरोलीच्या पुलाच्या मधोमध आचके देत बंद पडली. टाकीचं झाकण उघडलं तर आतून सापासारखा फुत्कार. मागे हॉर्नची रांग, आणि मी झाकण हातात धरून उभा.

काकांनी खाली वाकायला मलाच लावलं, माझ्याकडूनच माझी पुट्टी वर्णन करून घेतली, आणि कपाळावर हात मारला. "डब्याची श्वासनळी ती. नाक दाबलं की तोंड उघडतं, ते मानसाचं. गाडीचं नाक दाबलं की गाडी बसते."

त्यांचं दुसरं एक वाक्य होतं: "टाकीत हवेला जागा ठेवावी." हे मी रस्त्यात भेटलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याच्या उपदेशासारखं आदराने ऐकून सोडून दिलं. हवा टायरमध्ये असते एवढं मला पक्कं माहीत होतं.

काकांची स्वतःची गाडी म्हणजे पांढरी, जुनी, पोटावर थोडी गंजलेली. तिच्यातून ते दर आठवड्याला काकूंना माहेरी, मोऱ्याला नेत. काकू मोऱ्याच्या कोळीवाड्यातल्या. गुडघ्यांनी साथ सोडलेली, बसची पायरी चढवत नसे. भावाच्या अंगणात दुपारभर बसल्या की त्यांना आठवडा ढकलता येई. तिथेच जाऊन राहावं असं त्यांच्या मनात फार होतं, पण काकांचं एकच. "मोऱ्याला वाळत घातलेला बोंबील. माझं नाक हाय का लोखंड? चार तास ठीक हाय." काकू यावर भांडी जरा मोठ्याने ठेवत.

आणि गाडीची नोंदणी संपत आली. नव्याने करायची तर गाडी तपासणीला न्यायची. पुण्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने अट घातली: पास झाली तर ठेवा, नापास झाली तर भंगारात. म्हणजे काकूंचं मोरा पास-नापासवर आलं. ज्या माणसाने उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या नापास केल्या तो आदल्या रात्री जेवला नाही, असं काकूंनी मला सांगितलं.

आदल्या दिवशी मी गाडी हुंगली होती. कच्चा नाही, जळका नाही. पीयूसीचा कागदही झालेला. सकाळी काका म्हणाले, तेवढी धुवून आण. मी धुतली, आणि मनात प्रेम दाटून आल्यामुळे तुर्भ्याच्या पंपावर नेली. पाहुण्यांकडे रिकाम्या हाताने जाऊ नये तसं तपासणीला रिकाम्या टाकीने जाऊ नये, असा माझा विचार. पेट्रोल भरता भरता बंदूक खट्कन आपोआप बंद झाली.

"कट झाला साहेब. राउंड फिगर करू?"

"कर. आणि गाडी जरा हलव, अजून बसेल."

त्याने हलवली. मीही हलवली. आम्ही दोघांनी मिळून, लोणच्याची बरणी ठोकून भरतात तशी, ती टाकी गळ्यापर्यंत भरली.

तपासणीच्या मैदानावर एक तरुण इन्स्पेक्टर मॅडम होत्या. काकांचं नाव ऐकून त्या उठून उभ्या राहिल्या. दिवे, ब्रेक, नंबर, सगळं नीट झालं. काका आपणच मुलगी दाखवायला आणल्यासारखे बाजूला उभे. मागच्या चाकाशी आल्यावर मॅडम थांबल्या.

"सर, वास येतोय का?"

मी श्वास धरून उभा होतो, कारण वास असा होता की काडी ओढायची भीती वाटावी. काका मात्र पुढे झाले. मी त्यांना पहिल्यांदाच वाकताना पाहत होतो. त्यांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला, सावकाश सोडला आणि म्हणाले, "सदर वाहनास कोणताही वास नाही."

मॅडम गोंधळल्या. मी त्यांच्याहून गोंधळलो. काका खोटं बोलतात? काका? मग मला त्यांच्या घरातली एक सकाळ आठवली. गॅसवर दूध करपून घरभर वास सुटला होता, आणि काका गॅसच्या शेजारी पेपर वाचत होते. मी त्याला एकाग्रता समजलो होतो.

काका माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, पण त्यांना ते वाचता आलं.

"सांग रं पोरा," ते हळूच म्हणाले. "कच्चा की जळका?"

'मध्यम' म्हणायची सोय होती. एकीकडे काकूंचं अंगण, दुसरीकडे हा माणूस. मला काहीच सुचलं नाही, आणि काही सुचत नसलं की माझ्या तोंडून खरं निघतं. "कच्चा, काका. फार."

"मग नापास करा, मॅडम."

"सर, नापास कशाला? दुरुस्ती करून आणा. फेरतपासणी लिहिते."

"आमच्या येळेला असं काय नव्हतं," काका म्हणाले. आवाजात थोडी असूया होती.

परतताना सगळ्या काचा उघड्या ठेवून मी गाडी चालवली. "तू यायच्या आधी ताप आलता, त्यात गेला वास," काका म्हणाले. "आला नाय परत. तुझ्या नाकावर चालवत होतो." थोड्या वेळाने म्हणाले, "तिला सांगू नको." मग पुढच्या सिग्नलला: "पन काल नव्हता ना वास? मग आज कुठून आला?"

मी पंपाची हकीकत सांगितली. राउंड फिगर, हलवणं, बरणी. सिग्नल हिरवा झाला तसे काका माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "आरं, वाफेचा डबा तो. त्यात तू पेट्रोल वतलंस. हवेला जागा ठेव म्हनून किती वर्सं सांगतोय?" आणि हसायला लागले. ते इतके हसले की शेजारच्या रिक्षावाल्याने काच नसलेल्या खिडकीतून डोकावून पाहिलं.

पुढचे काही दिवस आम्ही पाम बीच रोडवर टाकी खाली करत फिरलो. तुर्भ्याच्या मेकॅनिकने डबा काढून वाळवला. मी झाकणाचं रबर बदललं. काकूंनी कुणाला न विचारता पुढे लिंबू-मिरची बांधली. वास गेला. यातल्या कशाने गेला हे आजही आम्हांला माहीत नाही. मेकॅनिक डब्याचं नाव घेतो, काकू लिंबाचं. फेरतपासणीत गाडी पास झाली.

पेढा द्यायला गेलो तर काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "तुझ्या गुरूनं सांगितलं असंल, वास येत नाय ते हिला सांगू नको म्हनून. आरं, मी त्यांच्या बाजूला बसून सुकट भाजली. हूं नाय की चूं नाय." मग बाहेरच्या खोलीकडे तोंड करून जरा मोठ्याने म्हणाल्या, "मंग आता मोऱ्याला काय अडचन हाय, ते इचार त्यांना."

बाहेर पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. काकांची सरकारी मराठी आणि गावची मराठी, दोन्ही एकदमच संपल्या होत्या.

त्याच महिन्यात दोघं मोऱ्याला राहायला गेले. गाडी सामानाने टपापर्यंत भरलेली, काकूंच्या मांडीवर तुळस. मी म्हटलं, "काका, हवेला जागा?" ते म्हणाले, "खिडकी हाय ना."

आता पंपावर खट्कन आवाज झाला की मी म्हणतो, बस. पोरगा विचारतो, राउंड फिगर? मी नाही म्हणतो, आणि तो माझ्याकडे कीव केल्यासारखा बघतो. पार्किंगमधले लोक रविवारी घरीच असतात. मला मात्र आता भाजी आणायची आठवण होते, का ते कळत नाही.

परवा मोऱ्याला गेलो होतो. काका अंगणात खुर्ची टाकून बसलेले, समोर दांड्यांवर बोंबील वाळत, पलीकडे धक्क्यावर लाँच लागत होती. चहा यायच्या आधीच ते म्हणाले, "हुंग. काय काय हाय सांग."

मी उभा राहून लांब श्वास घेतला. चिखल सांगितला, मीठ सांगितलं, लाँचचा जळका धूर सांगितला. बोंबलाचं जरा लांबवून सांगितलं. काका डोळे मिटून ऐकत होते, आणि दारात उभ्या काकू त्यांच्याकडे बघत होत्या.

"मग काय, पास?" मी विचारलं.

"नाय," काका म्हणाले. "फेरतपासणी. पुढच्या रविवारी ये."