शेवटची तबकडी

वर्ल्डकपची स्टेडियम उभी राहत होती तेव्हाची गोष्ट. एका शुक्रवारी मी दोह्याबाहेर नेमबाजीची स्पर्धा बघायला गेलो होतो. काळा अबाया घातलेल्या, साठीच्या एक कतारी बाई हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या एकामागून एक फोडत होत्या. शेवटची फुटली की बक्षीस त्यांचंच होतं. तबकडी उडाली आणि नेमका एक पारवा मध्ये आला. बाईंनी बंदूक खाली घेतली. तबकडी वाळूत पडली, स्पर्धा हातची गेली.

"इतक्या पटकन कसं थांबलात?" मी नंतर हिंदीत विचारलं; तिथल्या बऱ्याच जणांना हिंदी येतं.

"वडिलांनी आधी बंदूक खाली घ्यायला शिकवलं," काडतुसं काढता काढता त्या शांतपणे म्हणाल्या, "चालवायला नंतर."

इतका पक्का नेम मी पुन्हा पाहिला नाही.