खंडेनवमीला बंद पडलेला फ्रीझर

आमच्या मॅडम त्या वर्षअखेर निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या पेशी काही केल्या जगत नव्हत्या. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. पाठीच्या कण्याला दुखापत झालेल्या उंदरांमध्ये आम्ही मेंदूच्या मूळपेशी सोडायचो आणि काही दिवसांतच त्या मरून जायच्या. शेवटी ठरलं, यंदा पेशींसोबत ग्रोथ फॅक्टरही द्यायचे. ही पेशींना जगवणारी, वाढवणारी प्रथिनं. परगावी निघालेल्या लेकराला डबा बांधून द्यावा, तसं. परदेशातून मागवलेल्या या प्रथिनांच्या इवल्या नळ्या फ्रीझरमध्ये होत्या. दसरा झाला की शस्त्रक्रिया.

खंडेनवमी मॅडम कडक पाळायच्या. सगळी यंत्रं प्लग काढून पुसायची, हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. सुट्टी नसायची ती फक्त फ्रीझरला. आमच्या घरी दसऱ्याला बुद्धवंदना. पण वडील खडकीला कारखान्यात होते, तिथंही मशिनला हार पडायचे, त्यामुळे मला या सगळ्याची गंमतच वाटायची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीझर उघडला. दारावर झेंडू आणि आत पाणी! शेजारच्या यंत्राचा समजून कुणीतरी फ्रीझरचाच प्लग काढला होता. माझं डोकंच फिरलं.

"कुणाचे हे उद्योग?" मी ओरडले.

"माझे," मागून मॅडम म्हणाल्या.

आमच्या हातून साधी बाटली फुटली तरी "अहो, आपण इथं शिकायला येता की भांडी फोडायला?" असं थंडपणे विचारणाऱ्या बाई. त्या दिवशी मात्र स्टुलावर नुसत्या बसून राहिल्या. मला संताप आला होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. नवीन नळ्या मागवाव्यात, तर त्या येईपर्यंत मॅडम घरी बसलेल्या असणार.

"वितळलं म्हणजे वाया गेलंच असं नाही ना मॅडम? बघू तरी," मी म्हटलं. दोन बशांमध्ये पेशी लावल्या. एकीत ते वितळलेलं औषध घातलं, दुसरी तशीच ठेवली. मधले दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

मग बघितलं. तशाच ठेवलेल्या बशीतल्या पेशी मेलेल्या होत्या. औषधाच्या बशीतल्या मात्र टुमटुमीत, काहींना तर बारीक धागे फुटलेले. हुश्श! मी तिथंच फरशीवर बसले आणि चक्क रडले. त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया उरकल्या.

निकाल बघायचा दिवस मॅडमच्या शेवटच्या आठवड्यातच आला. सोडलेल्या पेशी ओळखू याव्यात म्हणून त्यांना हिरवी चमक दिलेली होती. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले आणि हललेच नाहीत. माझा जीव टांगणीला.

"आहेत की गं," त्या म्हणाल्या. "सगळ्या नाहीत, पण पुष्कळ आहेत. जिवंत आहेत की गं!"

मलाही बघायचं होतं. पण त्या खुर्चीवरून उठेचनात. मी चहा आणला, तो गार झाला. संध्याकाळी बाकीचे घरी गेले, तरी त्या बघतच होत्या.