पोह्यांची रीतसर प्रोसेस

पोहे बिघडवायला तीन शिकलेली माणसं लागतात.

आमच्या लेकीनं, ऋचानं पसंत केलेल्या मुलाचे आईवडील सिल्लोडहून येणार होते. मुलगा तयार, मुलगी तयार. फक्त त्याच्या आईचा होकार बाकी होता. आणि माझी बायको कन्नड गावातलं लग्न आटोपून येताना वेरूळजवळ एसटी पंक्चर झाल्यानं अडकून बसलेली! “पोहेच तर करायचेत, एक साधी प्रोसेस आहे ती,” मी फोनवर म्हणालो. “फोन ऋचाला द्या,” ती म्हणाली.

मी बिडकीनच्या कारखान्यात सुपरवायझर. माझ्या लेखी प्रोसेस म्हणजे ज्यानं त्यानं आपलंच काम करायचं. ऋचा कॉम्प्युटरवाली, तिच्या लेखी सगळं एकदम सुरू करायचं. तिनं पोह्यांची चाळणी पाण्यात बुडवून ठेवली, चहा चढवला आणि साडी नेसायला गेली. राहिला माझा मेहुणा प्रकाश. तो वकील!

“दाजी, बटाटा घालायचा का नाय, यावर दोन्ही बाजू ऐकाव्या लागतील.”

मी बटाट्याच्या विरोधात बोललो. बटाट्याच्या बाजूनं कुणीच नव्हतं, म्हणून तोच उभा राहिला (आणि काय बोलला हो!). तोवर चाळणीतले पोहे फुगत चाललेले मला स्पष्ट दिसत होते. पण पोहे ऋचाच्या खात्यातले. दुसऱ्याच्या मशीनला हात लावणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

ऋचा साडी नेसून आली तेव्हा चाळणीत लगदा होता. तेवढ्यात बेल वाजली.

मुलाची आई पाणी प्यायला म्हणून थेट स्वयंपाकघरात आली. “काय चाललंय?” भर कोर्टात बोलणारा प्रकाश फ्रिजच्या दारामागं गेला.

“वडे,” मी म्हणालो.

तिनं एकदा चाळणीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग पदर खोचला, बेसन मागितलं आणि ऋचाला शेजारी उभं केलं. दोघी हसत हसत वडे तळू लागल्या. मी दारात घाम पुसत होतो.

“पोरी, लग्नात ह्या दोघांना आचाऱ्याजवळ फिरकू द्यायचं नाय.”

मला त्यातलं ‘लग्नात’ एवढंच ऐकू आलं!

बायको पोचली तेव्हा शेवटचा वडा उरला होता. खाऊन म्हणाली, “अहो, लई मस्त झालेत. कसे केले?”

सोपं आहे, म्हटलं. आधी तू घरात नसायला हवीस. मग मी असायला हवा.